चार ते सहा गोंगाट होईल

चौदा महिने भानुदास आणि स्नेहलता यांचं घर चाकांवर होतं, आणि त्या घराला दोघं ‘बिऱ्हाड’ म्हणत. जपानी लोक अशा गाडीला कॅम्पिंग कार म्हणतात. आत दोन माणसं कुशीवर झोपतील एवढा पलंग, दोन शेगड्या, ओंजळभर पाण्याचं बेसिन, आणि स्टिअरिंगच्या वरच्या फळीवर विठोबा-रखुमाई, वळणावर पडू नयेत म्हणून पायाशी चिकटपट्टीने पक्के बसवलेले. ट्रेडिंग कंपनीतून निवृत्त झाल्यावर भानुदासांनी भाड्याची जागा सोडली, कपाटं-भांडी वाटून टाकली, आणि सव्वीस वर्षं ज्या देशात फक्त ऑफिस, स्टेशन आणि पुन्हा ऑफिस एवढंच पाहिलं होतं, तो देश बघायला नवराबायको निघाली. उन्हाळा होक्काइदोत काढला, थंडी क्यूशूत. रात्री मुक्काम मिचि-नो-एकीला, म्हणजे हमरस्त्यावरच्या विसाव्याच्या जागी, जिथे गाडी लावून झोपलं तर कुणी उठवत नाही.

२००८च्या एप्रिलात मात्र त्यांनी फिरणं पाच दिवस थांबवलं आणि बिऱ्हाड तोक्योजवळच्या ग्योतोकुला आणलं. एक तर लेक सुचेता तिथे होती. आणि दुसरं म्हणजे गुणवंत कायमचा मिरजेला परत चालला होता. त्याच्या बायकोने, जयंतीने, महिन्याभरापूर्वीच पुढे जाऊन तिथलं घर उघडलं होतं. त्याचं विमान मंगळवारचं.

गुणवंत म्हणजे कोण, हे नीट सांगायला हवं. मुंबईच्या एका बँकेने त्याला तीन वर्षांसाठी तोक्योला पाठवलं आणि तो अठ्ठावीस वर्षं राहिला. हिशेबनीस माणूस, पण गळा देवाने दिलेला, आणि मामा मिरजेचे जुने कीर्तनकार. त्यांच्याकडून लहानपणी जे शिकला होता ते त्याने इथे उभं केलं. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी गुणवंतचं कीर्तन, चार ते सहा, तो आणि भानुदास राहत त्या वसाहतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात. सुरुवातीला ऐकायला पाच माणसं, त्यातली दोन घरचीच. मग दोन हजार सालानंतर कॉम्प्युटरवाली मुलं यायला लागली, त्यांच्या बायका आल्या, मागोमाग बाळं आली, आणि एक दिवस असा आला की सभागृहाबाहेर काढलेल्या चपला जिन्यापर्यंत गेल्या. गुणवंत उभा राहून पूर्वरंग लावायचा, आणि त्याच्या मागे, डाव्या हाताला, झांज घेऊन भानुदास. बारा वर्षं त्यात एकही रविवार चुकला नाही.

प्रवासातून भानुदास महिन्याकाठी फोन करत.

“काय रे गुण्या, कीर्तन कसं चाललंय?”

“चाललंय,” गुणवंत म्हणायचा. “तुझी झांज नाही, एवढंच. तू माकडं बघ.”

होक्काइदोत माकडं नसतात, पण फोन तिथून असला तरी गुणवंतला सगळीकडे माकडंच दिसत.

गुरुवारी सकाळी सुचेताच्या दारात पोचल्यावर सात वर्षांची ज्ञानदा पळत आली आणि म्हणाली, “ओकाएरि!” घरी परत आलेल्या माणसाला इथे असं म्हणतात. भानुदासांना बरं वाटलं, आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं.

“अगं, मराठीत म्हण की,” सुचेता म्हणाली.

“मराठीत काय म्हणतात?” ज्ञानदाने विचारलं. आणि गंमत बघा, तिघंही मोठी माणसं विचारात पडली. आपल्याकडे ‘आलात का’ म्हणतात, ‘या’ म्हणतात. घरी आल्याबद्दल असं वेगळं काही म्हणतच नाहीत.

चहा झाला. भानुदासांनी पिशवीतून झांज काढली, रुमालाने पुसली. “मुहूर्त बघ कसा आलाय. वीस तारीख म्हणजे तिसरा रविवार. गुण्याचं शेवटचं कीर्तन, आणि आम्ही नेमके इथे. चार वाजता ना?”

सुचेता कपबश्या उचलायला लागली. एक कप तर अजून भरलेला होता.

“बाबा, तुम्ही आधी गुणवंतकाकांना भेटून या ना,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“भेटून या. मी ऑफिसला निघते, उशीर होतोय.”

सुचेता खोटं बोलायला लागली की लहानपणापासून घाईत असते. भानुदासांनी झांज पिशवीत ठेवली आणि चालतच निघाले.

गुणवंतचं घर म्हणजे नुसती खोकी झाली होती. भिंतीवर तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन. गुणवंतने मित्राला मिठी मारली, पाठीवर दोन धपाटे घातले, “उन्हाने काळा झालास, कोळी दिसतोस,” म्हणाला, आणि बसायला जागा करावी म्हणून एक खोकं सरकवलं. त्याच्या मागे भिंतीला टेकून तीन वस्तू उभ्या होत्या. एक मोडकी खुर्ची, एक कपड्यांचं कपाट आणि कीर्तनाची पेटी. तिन्हींवर एकसारखी चिठ्ठी चिकटवलेली. मोठा कचरा न्यायला नगरपालिकेची गाडी येते, तिच्यासाठी अशी चिठ्ठी लावावी लागते.

पेटीवरच्या चिठ्ठीशेजारी हळदकुंकवाची बोटं उमटली होती.

“हे काय?” भानुदास म्हणाले.

“सोमवारी नेणार आहेत.”

“पेटी?”

“विमानात नाही घेत रे. दोन सूर गेलेत तिचे. पूजा केली आणि मग चिकटवली चिठ्ठी. तशीच नाही लावली.”

“अरे पण रविवारी वाजवायची कोणी, न् काय?”

गुणवंतने सांगून टाकलं. भानुदास गेले त्यानंतरचं एकच कीर्तन झालं. दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या समितीकडून कागद आला. सभागृहाच्या वरच्या घरातून तक्रार आहे. वरच्यांची संमती मिळेपर्यंत सभागृहात गाणं-बजावणं करू नये. खाली शिक्का.

“म्हणजे तेरा महिने...”

“तेरा महिने.”

“आणि मला फोनवर ‘चाललंय’?”

“तुला सांगितलं असतं तर तू बिऱ्हाड वळवून आला असतास. पोरीलाही मीच बजावलं होतं, बापाला सांगशील तर बघ म्हणून. जन्मात पहिल्यांदा सुटी घेतलीस, कशाला मोडायची?” गुणवंत हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. “आणि खरं सांगू? मी विचार केला, हे तेरा महिन्यांचं नाही. तो कागद तेव्हा आला, त्रास बारा वर्षांचा असणार. ही माणसं बोलत नाहीत, सोसतात. मी वर तोंड करून गात होतो, आणि डोक्यावर कुणीतरी कानात बोळे घालून बसलं होतं. देवाच्या नावाने मी बारा वर्षं एका माणसाला छळलं, भान्या. मिरजेला जाऊन आता पुन्हा उभा राहायचा नाही मी.”

भानुदासांना काहीतरी बोलायचं होतं. तोंडही उघडलं. पण ते नुसतं “बघतो” म्हणाले आणि उठले. कारण तक्रार का आली, हे त्या खोलीतच काय, सगळ्या ग्योतोकुत फक्त त्यांना कळलं होतं.

बिऱ्हाड वसाहतीत पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखलेल्या जागेत लावलेलं होतं. आत स्नेहलता मिरच्या चिरत होती. लेकीचं स्वयंपाकघर मोठं असलं तरी तिला आता या हातभर ओट्याची सवय झाली होती. भानुदास पलंगाच्या काठावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. गुणवंतचं सांगून झालं, आणि मग जे कुणालाच कधी सांगितलं नव्हतं ते.

दर तिसऱ्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, ऑफिसातून येताना, ते स्टेशनातल्या दुकानातून तांदळाच्या खुसखुशीत बिस्किटांचा, सेन्बेईचा, एक पुडा घेत. सभागृहाच्या बरोबर वर मोरिता-सान नावाच्या बाई एकट्या राहत. त्यांची बेल वाजवून, पुडा दोन्ही हातांनी पुढे करून, कमरेत वाकून म्हणत, परवा चार ते सहा आमचा गोंगाट होईल, माफ करा. बाई म्हणत, कळवलंत, आभारी आहे. दार बंद. बारा वर्षं, दर महिन्याला, एवढंच. जपानात ही रीतच आहे. घरात सुतारकाम काढायचं असलं तरी माणसं आधी शेजाऱ्याकडे जाऊन सांगून येतात. कंपनीतल्या पहिल्या वर्षी वरिष्ठांनी शिकवलं होतं, ते भानुदासांच्या अंगात मुरलं. आपली मंडळी मात्र वेगळ्या मातीतली. कीर्तन कानावर पडलं तर चार माणसं जास्त येतात, कुणाची माफी मागायची असते हे मिरजेच्या माणसाच्या स्वप्नातही येत नाही. नव्या मुलांनी तर सगळं रीतसर केलं होतं. सभागृहाचा अर्ज भरला, वेळ लिहिली, सगळ्यांना ईमेल गेली. वर जाऊन बेल वाजवायची, हे अर्जात कुठे लिहिलेलं नव्हतं.

“मी निघताना सभागृहाची किल्ली दिली,” भानुदास म्हणाले. “सतरंज्या कुठे ठेवतात ते दाखवलं. बुक्क्याची डबी दिली. हे तेवढं दिलं नाही.”

“का नाही दिलं?” स्नेहलता सुरी खाली ठेवून म्हणाली.

“तुला आश्चर्य नाही वाटलं?”

“कशाचं? महिन्यातून एका शुक्रवारी त्या दुकानाचा कागद तुमच्या कोटाच्या खिशात. पुडा कधी घरात आला नाही. मला वाटलं, ऑफिसातली कुणी असेल.” ती हसली. “मग एकदा कचरा टाकायला गेले तेव्हा तुम्हाला वरच्या दारात वाकलेलं पाहिलं. म्हटलं, असू दे. पण मी विचारते त्याचं उत्तर द्या. का नाही दिलं?”

भानुदास विठोबाच्या पायाखालच्या चिकटपट्टीकडे बघत बसले. याचं एक उत्तर तयार होतं. देवाला कळतंय, तेवढं पुरे, सेवेचा डांगोरा कशाला? हे उत्तर त्यांनी स्वतःला बारा वर्षं दिलं होतं आणि ते ऐकायला छानच वाटत होतं. पण या चौदा महिन्यांत डोंगर-समुद्र बघता बघता माणसाची स्वतःशी लबाडी करायची सवय जरा कमी होते. त्यांना आठवलं, झांज वाजवताना समोर गुणवंतची पाठ असायची, त्याच्यापलीकडे तल्लीन झालेले साठ चेहरे, आणि आपल्या मनात एक गोड गोड काहीतरी चालायचं. या सगळ्याखालचा खांब मी आहे, आणि तुम्हाला पत्ताही नाही.

“सांगितलं असतं,” ते हळू म्हणाले, “तर ते माझं राहिलं नसतं.”

“हं,” स्नेहलता म्हणाली. तिने पुन्हा सुरी उचलली. “आता जा आणि गुणवंतभावजींना सांगा.”

“त्याला वाईट वाटेल.”

“वाटू दे. मंगळवारी विमानात बसल्यावर जे वाटायचंय, त्याच्यापेक्षा कमीच वाटेल.”

गुणवंतला वाईट नाही वाटलं. तो भडकला.

संध्याकाळचे पाच वाजले होते, तो खोक्यांना दोऱ्या बांधत होता. भानुदासांनी उभ्याउभ्याच सांगितलं. गुणवंतने दोरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“म्हणजे बारा वर्षं तू माझ्या कीर्तनाबद्दल लोकांची माफी मागत होतास?”

“माफी नाही रे, कल्पना देत होतो.”

“शब्द काय होते तुझे? मला सांग, काय म्हणायचास वाकून?”

गुणवंतने दोरी टाकून दिली.

“मला येते ही भाषा. ‘गोंगाट होईल.’ हेच ना? माझं कीर्तन म्हणजे गोंगाट!” गुणवंतचा आवाज असा चढला की सभागृहातही इतका चढत नसे. “मामांनी मला काठीने मारून मारून सूर शिकवला. मी उभा राहायचो तेव्हा देवासमोर उभा राहायचो. आणि माझ्या पाठीमागे बसलेला माझा मित्र सेन्बेई वाटत फिरत होता, की बाबांनो, सांभाळून घ्या, आमचा येडा ओरडणार आहे!”

“गुण्या—”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू गायला असतास?”

“नसतो!”

“म्हणून नाही सांगितलं,” भानुदास म्हणाले. आणि मग, कारण अर्धंच खरं सांगून आता भागणार नव्हतं, “म्हणून, आणि मला ते आवडायचं म्हणूनही. तुझं कीर्तन माझ्यावर उभं आहे, असं वाटायचं मला. तू पुढे, हार तुझ्या गळ्यात, लोक तुझ्या पाया पडतात. माझ्याकडे हे एक होतं.”

भानुदास एक पाऊल पुढे सरले.

“तुझ्या गळ्याने त्रास नाही झाला रे कुणाला. माझ्या जाण्याने झाला. तो कागद तुझ्या नावाने आला, पण तो माझा आहे. तो घेऊन मिरजेला जाऊ नकोस. मी आत्ता वर जातो, त्या बाईंना विचारतो—”

“नको,” गुणवंत म्हणाला. “पुन्हा तूच जाणार. माझी माफी तूच मागणार. जा तू, भान्या. मला बांधाबांध करायचीय.”

दार बंद झालं. भानुदास जिना उतरताना मोजून दोनदा थांबले, पण वर परतले नाहीत. इतक्या वर्षांच्या दोस्तीत गुणवंतने त्यांना “जा” म्हटलं असं हे पहिलंच.

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता बिऱ्हाडाच्या दारावर थाप पडली. भानुदासांनी पडदा सारला, तर बाहेर गुणवंत. ठेवणीतला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले.

“चहा आहे का?”

“आहे की,” आतून स्नेहलता म्हणाली. “या भावजी, वाकून या, डोकं आपटेल.”

गुणवंत वाकून आत आला, देवाला नमस्कार केला, पलंगाच्या कोपऱ्यावर बसला. “एवढीशी जागा,” तो इकडेतिकडे बघत म्हणाला. “भांडलात तर जाता कुठे?”

“हे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसतात,” स्नेहलता म्हणाली. “तोंड रस्त्याकडे करून.”

गुणवंत हसला, आणि चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, “झोप नाही आली. एक गोष्ट डोक्यातून जाईना. मामांचं कीर्तन व्हायचं त्या देवळाशेजारी एक आजारी म्हातारा राहायचा. मामा दरवेळी सुरू करायच्या आधी त्याच्या ओसरीवर जायचे. मला वाटायचं, तब्येत विचारायला जातात.” तो थांबला. “तेही सांगायलाच जात असतील रे. मला दाखवलं नाही, किंवा दाखवलं आणि मी बघितलं नाही.”

स्नेहलताने उरलेला चहा त्याच्या कपात ओतला.

“मी जाणार वर. मी स्वतः. तू नुसता बरोबर चल, तुला ओळखतात त्या. आणि सुचेतालाही घे.”

“सुचेताला कशाला?”

“मी मंगळवारी चाललो. तुझं हे चाकांवरचं घर. मग कोण जाणार?”

सुचेताने ऑफिसला तासभर उशिरा येते म्हणून कळवलं. ती तोक्योतल्या मोठमोठ्या साहेबांसमोर जपानीत प्रेझेंटेशन देणारी बाई, पण मोरिता-सानची बेल वाजवताना तिच्या कपाळावर घाम आला. स्टेशनावरची दुकानं उघडलेली नव्हती म्हणून स्नेहलताने डब्यात रव्याचे लाडू दिले होते.

दार उघडलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, काडीसारख्या, कमरेला ॲप्रन बांधलेल्या मोरिता-सान. त्यांनी गुणवंतकडे पाहिलं, सुचेताकडे पाहिलं, मग भानुदासांकडे पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले.

“अहो! तुम्ही जिवंत आहात!”

भानुदास वाकता वाकता अर्ध्यातच थांबले.

“मला वाटलं, तुम्ही गेलात,” मोरिता-सान म्हणाल्या. “दर महिन्याला येणारा माणूस यायचा बंद झाला, आणि खाली गाणं तर झालं. म्हटलं, तो गृहस्थ वारला आणि या लोकांनी मला साधं कळवलंही नाही. मला फार राग आला होता.”

गुणवंत पुढे झाला. त्याने जे काय ठरवून आणलं होतं ते सगळं विसरला आणि साध्या, मोडक्या जपानीत म्हणाला, “गाणारा मी. बारा वर्षं तुम्हाला माझ्या आवाजाचा त्रास झाला. आज मीच माफी मागायला आलोय.”

मोरिता-सान गोंधळल्या. “तुमचा आवाज? तो मी ऐकलाच नाही हो कधी.”

“ऐकला नाही?”

“कशी ऐकणार? मी घरी कुठे असायची? हे शुक्रवारी येऊन सांगायचे, की मी लगेच फुनाबाशीला बहिणीला फोन करायची. रविवारी आमच्याकडे भारतीय गोंगाट आहे, तुझ्याकडे येते. जेवायला जायची, सहा वाजून गेले की परत. बारा वर्षं असंच. एरवी आमचं कुठलं जमतंय? दोघी म्हाताऱ्या, आज गुडघा, उद्या पाऊस.” त्यांनी लाडवाचा डबा घेतला, झाकणावर हात ठेवला. “मग त्या रविवारी कुणी सांगितलं नाही. मी घरीच. चार वाजता जमिनीखालून धडधड सुरू झाली. कधी थांबेल तेही माहीत नाही. डोकं दुखलं. म्हणून लिहून दिलं समितीला. दिलं, आणि गाणं बंदच झालं.” त्या जरा वरमल्या. “त्याला वर्ष झालं. तेव्हापासून मी बहिणीकडे दोनदाच गेले. ती विचारते, तुझे भारतीय गप्प का बसलेत?”

सुचेता तोंडावर हात धरून उभी होती. गुणवंतचे खांदे हलायला लागले. भानुदासांना वाटलं, हा रडतोय. मग कळलं, हसतोय, आणि मग दोन्ही.

“बाई,” गुणवंत म्हणाला, “या रविवारी, चार ते सहा, आम्ही गोंगाट करू का?”

“रविवारी?” मोरिता-सान आत वळल्यासुद्धा. “थांबा, मी फोन करते.”

समितीला त्यांनी त्याच दिवशी चार ओळी लिहून दिल्या. जावई रणजितने नगरपालिकेला फोन लावून पेटीचं नाव कचऱ्याच्या यादीतून काढायला लावलं. मोठ्या कचऱ्यातून वाद्य परत मागणारा तोच पहिला असावा, कारण पलीकडच्या माणसाने तीनदा खात्री करून घेतली. पेटी सुचेताच्या घरी गेली. कीर्तनकार चालला तरी भजन होईल, असं ठरलं, आणि शनिवारी सुचेताने सगळ्यांना जी ईमेल पाठवली तिच्यात बारा महिन्यांची बारा नावं होती, कुणी कधी वर जायचं त्याची.

ती यादी वाचून भानुदास शनिवारी दुपारी स्नेहलताला म्हणाले, “मी म्हणतो, आपण इथेच थांबू या का? वर्षभर तरी. गुण्या नाही, निदान मी असलो तर या मुलांचं—”

“झालं पुन्हा सुरू,” स्नेहलता म्हणाली. “तुम्ही थांबलात की बारा नावांतली अकरा घरी बसतील. भानुदासकाका जातील की!”

“तुला खरंच पुढे जायचंय?”

“इथला साकुराचा बहर झडून गेला. वर आकिताला अजून कळ्या आहेत. मला त्या उमलायच्या आत पोचायचंय.” मग तिचा आवाज मऊ झाला. “पुन्हा येऊ की. भेटायला येण्यात एक बरं असतं, आपल्यावाचून चाललंय ते बघता येतं.”

भानुदासांना हे लगेच पटलं नाही. पण ते गाडीच्या टायरमधली हवा बघायला खाली उतरले.

रविवारी पावणेचारलाच सभागृह भरलं. एदोगावातून, कोतोतून मंडळी आली, कुणी तोझाई लाइनच्या गाडीने, कुणी सायकलवर पुढे एक, मागे एक पोर बसवून. पेटीचे दोन सूर गेलेले होते तिथे वाजवणाऱ्या मुलीने गळ्याने वेळ मारून नेली. गुणवंतने धोतर नेसलं होतं, उपरणं कमरेला. तो उभा राहिला, डोळे मिटले, आणि तेरा महिने बंद असलेला तो गळा पहिल्या आलापाला जरा अडखळला, दुसऱ्याला मोकळा झाला. मागे, डाव्या हाताला, भानुदासांची झांज वाजू लागली. काय सांगावं त्या वेळेचं! ऐकणाऱ्याला ऐकतोय याचंही भान नव्हतं.

पूर्वरंगाचं निरूपण सेवेवर होतं. आणि कीर्तनकाराच्या हाती एकदा दृष्टान्त सापडला की तो सोडतो थोडाच?

“मंडळी,” गुणवंत थांबून म्हणाला, “माझ्या मागे जो झांज घेऊन बसलाय ना, तो बघा. बघा, बघा. साधा दिसतो. चोर आहे! बारा वर्षं त्याने माझ्या नावाने वाकून घेतलं आणि मला एकदाही वाकू दिलं नाही.”

माणसं हसली. भानुदासांची झांज एक ठेका चुकली. गुणवंतने सगळं सांगितलं, सेन्बेई, मोरिता-सान, त्यांची बहीण, काही लपवलं नाही. “मला वाटायचं, ऐकणाऱ्याला पुण्य. अहो, माझ्या कीर्तनाचं सगळ्यात मोठं पुण्य त्या बाईला लागलं जी ते ऐकू नये म्हणून आगगाडीत बसून निघून जायची. बहिणीला बहीण भेटली! याहून मी काय गाणार?” मग आवाज खाली आणून, झांजेकडे न बघता, “आणि याने ते कुणाला सांगितलं नाही, कारण याला ते एकट्याला हवं होतं. मला हार एकट्याला हवा असायचा, तसाच. आम्ही दोघंही सारखेच, मंडळी. आज दोघांचंही सुटलं.”

भानुदासांनी मान खाली घातली. लाज वाटत होती, आणि त्या लाजेत हलकंही वाटत होतं, जड पिशवी कुणीतरी हातातून घ्यावी तसं. मधल्या विश्रांतीत हार आला. रीतीप्रमाणे भानुदासांनी तो गुणवंतच्या गळ्यात घातला, कपाळाला बुक्का लावला आणि पायाशी वाकले. कीर्तनाच्या गादीवर उभ्या असलेल्याला वय नसतं. गुणवंतने वाकू दिलं. मग हार गळ्यातून काढून भानुदासांच्या गळ्यात घातला आणि पुढचं पद सुरू केलं, म्हणजे कुणाला काही म्हणायला जागाच उरली नाही.

उत्तररंग रंगला, आख्यान चढत गेलं, पण सहाला पाच मिनिटं असताना आरती लागली. दिलेला शब्द होता.

मंडळी प्रसाद घेऊन पांगत होती. ज्ञानदा सतरंजीच्या घडीवर बसून मैत्रिणीला जपानीत काहीतरी समजावत होती. गुणवंत उपरण्याने घाम पुसत आला. हातात पिशवी, तिच्यात केळी आणि शिऱ्याची पुडी.

“चल.”

“कुठे?”

“वर. संपलं म्हणून सांगून येऊ.”

“अरे, त्या घरी कुठे आहेत? फुनाबाशीला गेल्यात.”

“तरी चल.”

दोघं जिना चढले. गुडघे दोघांचेही कुरकुरले. मोरिता-सानच्या दाराच्या मुठीला गुणवंतने प्रसादाची पिशवी अडकवली. मग दोन पावलं मागे सरला, धोतराचा सोगा सावरला, आणि त्या बंद दारासमोर कमरेत वाकला. वाकलेलाच राहिला.

“एवढं खाली वाकायचं नसतं रे,” भानुदास हळूच म्हणाले. “पाठ धरेल.”

“धरू दे,” गुणवंत खालूनच म्हणाला. “मंगळवारी नऊ तास बसूनच जायचंय.”

भानुदासांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्याच्या शेजारी, डाव्या हाताला, तेही वाकले.